म्हशीनं खाल्लेली तीन वर्षं

माझ्या साडभाऊंची तीन वर्षांची मेहनत मी एका सकाळी शेजारच्या म्हशीला खाऊ घातली. मुद्दाम नाही, पण मुद्दाम करायला गेलो असतो तर इतकं चोख जमलं नसतं. मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. वस्तू खाली का पडतात हे मी मुलांना दरवर्षी न चुकता समजावतो. त्या म्हशीच्या तोंडात का पडतात, हा भाग आमच्या अभ्यासक्रमात नाही.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार अकोला. वस्तू सोडून खोक्यावर जीव लावणारा असा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा निघणार नाही, आणि निघू नये अशीच त्यांच्या सासुरवाडीची प्रार्थना आहे. तुम्हीआम्ही खोकं उघडतो ते आतल्या वस्तूसाठी. साडभाऊ वस्तू बाजूला ठेवतात आणि खोक्यात डोकं घालतात. आमच्या गृहप्रवेशाला कोणीतरी मिक्सर दिला होता. पाहुण्यांच्या गर्दीत साडभाऊंनी तो बंद खोक्यासकट उचलला आणि जिन्यानं वर गेले. मला वाटलं, घरचाच माणूस, वस्तू नीट जागेवर ठेवत असेल. मी कौतुकानं बायकोला म्हटलंसुद्धा, ‘पाहा, याला म्हणतात जबाबदारी.’ एवढ्यात गच्चीवरून आवाज आला, ‘‘मास्तर, बाजूले व्हा!’’ आणि मिक्सर अंगणात आला. भटजींचा मंत्र अर्ध्यावर तुटला. माझ्या सासूबाई मटकन खाली बसल्या. साडभाऊ शांतपणे खाली आले, खोकं उघडलं, मिक्सर कानाशी धरून हलवला आणि जमलेल्या मंडळींना निकाल सांगितला, ‘‘वाचला. पण एवढ्याशा मिक्सरसाठी थर्माकोल पाहा किती घातला! याच्यात तर माणूस गाडता येते.’’ गृहप्रवेशाच्या दिवशी! सासूबाई दोन दिवस नुसत्या चहावर होत्या. आणि मी, काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, ‘‘मग काय घालायला हवं होतं, भाऊजी?’’ त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून ऐकतो आहे.

त्यांना हे वेड लागलं त्याची हकीकत अशी. अकोल्यात त्यांचं टीव्हीचं दुकान होतं, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. विकलेला टीव्ही गिऱ्हाइकाच्या घरी नेण्याआधी ते दुकानातच उघडून, चालवून बघायचे. थर्माकोलवर गिऱ्हाइकाचं नाव-गाव जाड पेनानं लिहायचे, म्हणजे पोचवताना घोटाळा नको. आणि काम झालं की तो थर्माकोल दुकानामागच्या नाल्यात. सगळेच टाकायचे, तेही टाकायचे. वीसेक वर्षं टाकला. मग एका वर्षी नाला फुगून गल्लीत शिरला, गल्लीतून साडभाऊंच्या घरात आणि घरातून थेट स्वयंपाकघरात. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, खराट्यानं पाणी लोटत होती, तर गॅसच्या ओट्यापाशी एक पांढरी लादी तरंगत आली. तिनं उचलून पाहिली. वर साडभाऊंच्याच अक्षरात एका गिऱ्हाइकाचं नाव, खाली ‘बाळापूर’. तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला होता. गिऱ्हाईकही गेलं होतं. साडभाऊ त्याच्या तेरवीला जेवून आले होते. ‘‘टीव्ही मेला, मास्तर. माणूस मेला,’’ ते मला सांगत, आणि सांगताना दरवेळी डोळे तितकेच मोठे होत, ‘‘अन् हे पाहा, याचा कोपरासुद्धा नाही झिजला. हे आपल्या नातवाच्या तेरवीलेबी असंच राहीन!’’ ती लादी पुढं कायम त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत असे. लग्नात, बारशात, मौतीला गेले तरी संधी मिळाली की बाहेर काढत. मौतीच्या घरी ती हकीकत ऐकून माणसं खरोखर हादरत. एका ठिकाणी तर रडणाऱ्या बाया थांबल्या.

यानंतर त्यांनी दुकानातला जीवच काढून घेतला आणि थर्माकोलला पर्याय शोधायला लागले. दुसरा कोणी असता तर मोबाईलवर पाहिलं असतं. साडभाऊ वरूडकडच्या संत्र्याच्या मंडीत जाऊन चार दिवस पेट्या भरणाऱ्या एका म्हाताऱ्यासमोर उकिडवे बसले. तो गवत कसं अंथरतो, दोन फळांमध्ये किती सोडतो, वरून कसं दाबतो, सगळं पाहिलं. चौथ्या दिवशी म्हाताऱ्यानं घाबरून विचारलं म्हणे, ‘‘तुमी इन्कम टॅक्सचे त नाई ना जी?’’ साडभाऊ परत आले ते एक सिद्धांत घेऊन: संत्रं गवतात बसून देशभर जाऊ शकतं, तर इन्व्हर्टरला काय धाड भरली आहे?

गवतावरून गाडी पऱ्हाटीवर आली. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. लोक ती चुलीत घालतात नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून देतात. साडभाऊंनी ती कुटली, भिजवली, शिजवली. पहिलं वर्षभर हे सगळं ताईच्या स्वयंपाकघरात चाललं होतं. मी एकदा अकोल्याला मुक्कामाला होतो तर सकाळी न्हाणीतल्या बंबात गरम पाण्याऐवजी रटरटणारा तपकिरी लगदा निघाला. हे मला कळलं तोवर मी तांब्याभर अंगावर घेतला होता. ताई दाराबाहेरून म्हणाली, ‘‘घासू नका, उन्हात उभे राहा. वाळलं की आपोआप निघते.’’ माझ्या मेव्हणीला या प्रकाराचा इतका अनुभव असावा, याचा धक्का मला त्या लगद्यापेक्षा मोठा बसला.

लगद्यात जुना पुठ्ठा मिसळायचा, साच्यात दाबायचा, वाळवायचा, की वस्तूच्या आकाराचा खोलगट ट्रे तयार. वस्तूखाली एक, वर एक. पण तो घट्ट धरून राहावा म्हणून त्यात साडभाऊ काहीतरी घालत, आणि ते काय हे त्यांनी ताईलाही सांगितलं नव्हतं. ‘‘मसाला आहे,’’ एवढंच म्हणत. परीक्षा अंड्यावर. ट्रेमध्ये अंडं ठेवून वरून दुसरा ट्रे बांधायचा आणि गच्चीवरून सोडायचा. अंडं वाचलं तर ट्रे पास. त्या काळात घरात दोन वेळ आम्लेट. मी एकदा खाली उभा राहून, ‘‘भाऊजी, हवेच्या विरोधामुळे हा जरा डावीकडे पडेल,’’ असं शास्त्रीय भाकीत केलं आणि उजवीकडे सरकलो. अंडं माझ्या डोक्यावर फुटलं. साडभाऊंनी वरून वाकून पाहिलं. ‘‘मास्तर,’’ म्हणाले, ‘‘तुमचे पोरं पास कसे होतात?’’

तिसऱ्या वर्षी त्यांनी दुकान कायमचं बंद केलं आणि बाळापूरला एका बंद तेलघाणीची शेड घेतली. गावातल्या सात बाया कामाला. त्यांच्यात मोठ्या वच्छलाबाई. त्यांच्या जिभेला हाड नाही, पण हाताला मात्र माप आहे. नुसत्या अंगठ्यानं दाबून ट्रे ओला की वाळला सांगतात. आणि मग ती संधी आली. अमरावतीच्या एमआयडीसीत इन्व्हर्टर बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या खरेदीच्या साहेबांनी, पुण्याहून आलेल्या एका नेमस्त गृहस्थांनी, साडभाऊंच्या अकराव्या चकरेला हार मानली. म्हणाले, सोमवारी सकाळी दहाला ट्रेचे बारा जोड घेऊन या. आमचे इन्व्हर्टर घालून पाडून बघू. त्याच आठवड्यात त्यांच्या वर्षभराच्या पॅकिंगचं ठरायचं होतं. जमलं तर साडभाऊंचे ट्रे, नाही तर पुन्हा वर्षभर थर्माकोल. ताईचा मला फोन आला. ती सहसा रडत नाही, त्या दिवशीही रडली नाही. ‘‘दुकान गेलं ते गेलं,’’ म्हणाली. ‘‘पण या खेपेले नाही झालं ना, तर शेड बंद होईल अन् हे खाली बसतील. मंग मले उठवता नाही यायचे.’’

साडभाऊ सोमवारी सकाळच्या गाडीनं येणार होते. ट्रे गाडीच्या गर्दीत चेपतील म्हणून त्यांनी रविवारीच एका ओळखीच्या टेम्पोनं माझ्याकडे पाठवले आणि फोनवर तीन सूचना दिल्या. ‘‘घरात ठेवा. उघडू नका. अक्कल चालवू नका.’’ पहिल्या दोन मी पाळल्याच असत्या.

सोमवारी सकाळी सातला मी खोक्याजवळ गेलो, तर दमट वास. आता लगदा म्हटला की ओलावा आला, ओलावा म्हटला की ताकद कमी, हे मला नाही कळणार तर कोणाला? मी खोकी उघडली आणि ट्रे उन्हात मांडायला जागा शोधली. आमचं घर अमरावतीच्या टोकाला आहे, जिथं एका बाजूला फ्लॅट उठलेत आणि दुसऱ्या बाजूला अजून गोठा आहे. गोठा दूधवाल्या मावशींचा. मधल्या भिंतीवर सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं. मी त्या भिंतीवर बाराही जोड एका ओळीत, अंतर मोजून मांडले आणि आंघोळीला गेलो.

आता त्या भिंतीची गोष्ट. आमच्याकडे शिळी पोळी, भाजीचे देठ, कलिंगडाच्या साली, जे काही म्हशीच्या उपयोगाचं असेल ते रोज सकाळी त्याच भिंतीवर ठेवायची पद्धत आहे. मावशी येऊन उचलतात, म्हशीला घालतात, आणि सणासुदीला आम्हाला खरवस येतो. तीन वर्षं हे चाललं आहे. तीन वर्षं मी स्वतः रोज सकाळी त्या भिंतीवर शिळं ठेवतो. तरी त्या दिवशी मला ती भिंत फक्त ऊन म्हणून दिसली.

अंग पुसत बाहेर आलो तर भिंत मोकळी. पलीकडे म्हैस मान डोलवत, डोळे अर्धे मिटून चघळत होती. आणि तिच्या ओठांतून पऱ्हाटीचा एक तपकिरी कोपरा आत सरकत होता. माझ्या हातातला टॉवेल गळाला. सुदैवानं लुंगी होती.

‘‘मावशी! काय केलं हे?’’

‘‘काय केलं म्हणजे? तुमीच ठेवलं ना जी भितीवर,’’ मावशी पदरानं हात पुसत म्हणाल्या. ‘‘मले वाटलं, आज मास्तरनं बाप्पा ढेपच आणली म्हशीले! तिनं तं हातातून हिसकून खाल्लं. अशी कधी खात नाही ते.’’

‘‘ढेप नाही हो ती! इन्व्हर्टरचं पॅकिंग आहे!’’

‘‘वास घ्या ना मंग. सरकीची ढेप आहे त्याच्यात, बनवणाराले विचारा पाहिजे तर. म्हैस खोटं बोलते काय?’’

तीन वर्षं बायकोलाही न सांगितलेला मसाला, तेल काढून उरलेला हा सरकीचा चोथा, एका म्हशीनं एका घासात ओळखला होता. ‘‘एक जोडी ठेवली आहे संध्याकाळच्यासाठी,’’ मावशी समजुतीनं म्हणाल्या. ‘‘पाहिजे तं घ्या वापस.’’ मी वापस घेतली. तिचाही एक कोपरा चाखून झाला होता.

कंपनीच्या गेटवर साडभाऊ साडेनऊपासून उभे होते. इस्त्रीचा नवा शर्ट, केसांना तेल, आणि आयुष्यात पहिल्यांदाच झोळीविना. मी रस्ताभर एक गोष्ट रचत आलो होतो: टेम्पो खड्ड्यात आदळला वगैरे. पण त्यांनी माझ्या हातातली एकच जोडी पाहिली, कोपरा पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. दातांच्या खुणा ओळखायला वऱ्हाडातल्या माणसाला पुरावा लागत नाही. ‘‘गाय का म्हैस?’’ एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘म्हैस.’’

साहेबांसमोर मी तोंड उघडलं, ‘‘त्याचं काय झालं सर, टेम्पो—’’

‘‘खोटं काहून बोलता, मास्तर?’’ साडभाऊ म्हणाले. ‘‘म्हशीनं खाल्ले, साहेब. अकरा जोड. हा एक उरला.’’

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘खाल्ले,’’ ते हळूच म्हणाले, जणू तो शब्द त्यांना तपासून घ्यायचा होता. ‘‘आणि तिला... म्हणजे म्हशीला... बरं आहे ना?’’

‘‘झकास आहे.’’

त्या गृहस्थाचा मोठेपणा असा की त्यांनी उरलेल्या जोडीत इन्व्हर्टर ठेवून घेतला. छातीइतक्या उंचीवरून पाडला: आधी सपाट, मग बाजूंवर, आणि शेवटी नेमका त्या खाल्लेल्या कोपऱ्यावर. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा इन्व्हर्टर बाहेर काढून जोडला होता आणि त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. साडभाऊंनी माझा दंड इतका आवळला की पुढं आठवडाभर मी फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होतो. साहेबांनी ट्रे उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, ‘‘मजबुतीबद्दल प्रश्नच नाही हो. पण जे म्हैस सोडत नाही ते उंदीर सोडेल का? आमचा माल गोदामात सहा-सहा महिने पडून असतो. मला नाही घेता येणार.’’

मला वाटलं, साडभाऊ आता भांडतील. संत्र्यावरून सुरू करतील, थर्माकोलवर येतील, साहेबांच्या नातवाची तेरवी काढतील. ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे, साहेब. माझ्या ध्यानात नाही आलं.’’ आणि उठले. गच्चीवरून आलेल्या मिक्सरनंही मला एवढा धक्का बसला नव्हता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. त्यांनी बशीत ओतला आणि पाहत बसले. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच बोलले, ‘‘बरंच झालं म्हणा. पाचशे खोके गोदामात कुरतडले गेले असते तं तोंड दाखवाले जागा नसती.’’ चहावर साय धरली. मग हळूच म्हणाले, ‘‘पण सकाळी गाडीत बसलो ना मास्तर, तवा लय चांगलं वाटून रायलं होतं.’’

त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी घरी जाऊन स्वस्थ झोपलो असतो. त्या एका वाक्यानं मला पुढचे चार महिने दर रविवारी बाळापूरला नेलं. साडभाऊ खाली बसले नाहीत, ताईचा अंदाज तेवढा चुकला. त्यांनी ढेप काढली आणि तिच्या जागी काय कडू घालता येईल ते शोधू लागले. उत्तर दारातच उभं होतं: कडूनिंब. मी निंबोळ्या गोळा केल्या, वाळवल्या, कुटल्या, आणि सोमवारी क्लासमध्ये गेलो की पहिला बाक आपोआप रिकामा होई. पण या चार महिन्यांत शेडमधल्या तीन बाया रोजानं शेतावर जायला लागल्या. त्यांची चूल साडभाऊंच्या प्रयोगासाठी थांबणार नव्हती. त्यांतली एक पुढं नवऱ्याबरोबर पुण्याकडे गेली ती गेलीच. वच्छलाबाई तिचा साचा पुसून ठेवत आणि माझ्याकडे बघत. बोलत नसत. त्या बोलत नाहीत तेव्हा फार लागतं.

निंबोळीच्या ट्रेची पहिली परीक्षा अमरावतीत, आमच्याच भिंतीवर झाली. परीक्षक तीच. साडभाऊ, मी, ताई, माझी बायको आणि मावशी श्वास रोखून उभे. म्हशीनं वास घेतला, जोरात शिंकली, माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला, जणू मी तीन वर्षांची मैत्री मोडली होती, आणि तोंड फिरवलं. साडभाऊंनी तिथंच मावशींना वाकून नमस्कार केला. मावशींना काय झालं ते कळेना. त्यांनी घाबरून दोन लिटर दूध दिलं.

साहेबांनी दुसऱ्यांदा ट्रे नाकाशी नेला आणि झटकन मागे घेतला. ‘‘वास येतो हो.’’

‘‘येते ना,’’ साडभाऊ म्हणाले. ‘‘उंदराले आपल्याहून जास्त येते.’’

दीड महिना गोदामात ठेवून बघितले. कुरतडले गेले नाहीत. तोवर वर्षाचं ठरून गेलं होतं. मोठे इन्व्हर्टर थर्माकोलमध्येच जाणार होते. साडभाऊंना मिळालं ते एक सगळ्यात लहान मॉडेल. एवढंच. ताईला फोन करून त्यांनी ‘मिळालं’ म्हणून सांगितलं आणि किती ते सांगितलंच नाही.

पहिली खेप गेली त्या दिवशी मी बाळापूरला होतो. शेडसमोरच्या अंगणात नव्या ट्रेच्या रांगा उन्हात पसरलेल्या. टेम्पो भरून निघाला, वळणाआड गेला. बाया दारात उभ्या. साडभाऊ तसेच बघत राहिले.

‘‘आता कोणाच्या तरी घरी ते खोकं उघडलं जाईन,’’ ते म्हणाले. ‘‘आपला ट्रे उकिरड्यावर फेकतील. अन् एखाददोन पावसाळ्यांत त्याची माती होईन. कोणी बनवला, कुठून आला, काही म्हणजे काही उरणार नाही.’’ आणि असं हसले, जसं माणूस मुलगी सासरी नीट पोचल्याचा फोन आल्यावर हसतो.

मला एकदम भरून आलं. मागं काही राहावं म्हणून माणसं भिंतींवर नावं कोरतात, आणि हा माणूस आपलं काही राहू नये म्हणून तीन-चार वर्षं झिजला! मी दोन पावलं पुढं गेलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘भाऊजी, मिटून जाण्यात केवढं—’’

‘‘मास्तर,’’ वच्छलाबाई मागून ओरडल्या, ‘‘ते भाषण मंग करजा! आधी पाय उचला, ओल्या ट्रेवर उभे आहात तुमी!’’